रोल गेला, कॅमेरा राहिला

आमच्या माणदेशात जुनी वस्तू सहसा कुणी टाकून देत नाही. तिच्यातला निकामी झालेला भाग काढतात आणि त्या जागी दुसरा बसवतात. पूर्वी लाकडी चाकाच्या, लोखंडी धावा चढवलेल्या बैलगाड्या होत्या. पुढं लोकांनी ती चाकं काढली, खाली रबरी टायर घातले आणि गाडीला ‘डनलॉप’ म्हणायला लागले. वरचा साटा तोच, जू तेच, बैलही तेच. विहिरीचंही तसंच. मोट गेली आणि इंजिन आलं. इंजिन गेलं आणि मोटर आली. आता कुणीकुणी सोलरच्या काचा लावल्यात. विहीर मात्र आज्ज्यानं खांदलेलीच आहे.

म्हणून पुतण्यानं जेव्हा विचारलं, “तात्या, अण्णांचा कॅमेरा डिजिटल करता येईल का?” तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रोल काढायचा आणि त्या जागी हल्ली जे काय असतं ते बसवायचं, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात होता. पण हा हिशोब जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनाही नीट जमला नाही, हे मला पुढं कळलं. माझं इंग्रजी दहावीपुरतं. पुतण्या वाचून दाखवायचा, मराठीत सांगायचा आणि मी वहीत उतरून घ्यायचो. त्या वहीतलं आणि आमच्या घरातलं असं दोन्ही इथं लिहितो आहे.

आधी अण्णाविषयी सांगतो. अण्णा माझा थोरला भाऊ. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव रस्त्यावर खडी फोडत होतं, तेव्हा तो कराडला एका स्टुडिओत पोऱ्या म्हणून लागला. झाडलोट, चहा आणणं, धुतलेले फोटो दोरीवर वाळत घालणं, असं करत करत शिकला. दोन वर्षांनी गावी आला तो एक जुना याशिका घेऊन. दोन डोळ्यांचा कॅमेरा तो. वरच्या भिंगातून फोटोवाल्यानं बघायचं आणि खालच्या भिंगातून फोटो निघायचा. छातीशी धरून वरून काचेत बघायचं. त्या काचेत उजवं ते डावं दिसतं, म्हणून शिकताना माणूस नेमका उलट्या बाजूला सरकतो. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. पुढं चौऱ्याऐंशी साली त्यानं मुंबईहून जुना पेन्टॅक्स के-१००० आणला. त्याच्या रोलवर छत्तीस. अण्णा अंधारात असा बेतानं रोल भरायचा की अडतीस निघायचे. ते वरचे दोन म्हणजे त्याची खरी कमाई, असं तो हसत म्हणायचा.

गोठ्याच्या शेजारच्या खोलीत त्याची अंधारखोली होती. खिडकीला पोत्याचे दोन पदर आणि वर काळं कापड, आत लाल बल्ब. डेव्हलपर, पाणी, हायपो अशी तीन घमेली. त्या हायपोचा आंबूस वास अजूनही कधी नाकात येतो. काळ्यापांढऱ्यासाठी तो बरेचदा ‘इंदू’ची फिल्म वापरायचा. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स नावाचा सरकारी कारखाना होता, तिथली ही देशी फिल्म. एक्स-रेच्या फिल्मही तो कारखाना करायचा. म्हणजे गावातल्या माणसाचं तोंड आणि त्याची मोडलेली हाडं असं दोन्ही उटीच्या मालावर उमटत होतं.

अण्णानं काय टिपलं नाही? दहावीच्या फॉर्मचे फोटो, लग्नं, बारशी, बैलपोळा, खंडोबाची जत्रा, बँकेच्या कर्जासाठी म्हशीबरोबर उभा राहिलेला शेतकरी. आणि मयताचे फोटो. आमच्याकडं पुष्कळ म्हाताऱ्यांचा जन्मात एकच फोटो निघाला, तोही भिंतीला टेकवून बसवलेल्या मयताचा. घरातलं रडणं चाललेलं असायचं आणि अण्णा खाली मान घालून याशिकाच्या काचेत बघत असायचा. त्या फोटोचे पैसे त्यानं कधी मागितले नाहीत. कुणी दिले तर घ्यायचा.

आता अमेरिकेकडं जाऊ. रोचेस्टर नावाचं शहर आहे, तिथं कोडॅक कंपनी. अण्णा गावात बारा फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरत होता, त्याच सुमारास म्हणजे १९७५ च्या डिसेंबरात तिथल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं रोलशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. जुळवला हाच शब्द बरोबर. कारण त्यात भिंग होतं सिनेमाच्या सुपर-८ कॅमेऱ्याचं, तेही सुट्या भागांच्या पेटीतून उचललेलं. फोटो साठवायला होती गाण्याची असते तसली कॅसेट. सोळा बॅटरी सेल. सगळ्याचं वजन साडेतीन किलोच्या वर. प्रकाश पकडायला सीसीडी नावाची चकती होती. ही सीसीडी १९६९ ला बेल लॅबमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी काढली आणि २००९ ला त्यांना नोबेल मिळालं. सॅसनच्या चकतीवर शंभर ओळी आणि प्रत्येक ओळीत शंभर ठिपके, म्हणजे एकूण दहा हजार ठिपके. आजच्या साध्या मोबाईलातही कोटीच्या वर असतात. एक काळापांढरा फोटो कॅसेटवर चढायला तेवीस सेकंद लागत. मग टीव्हीला जोडून बघायचा.

हे वाचून मला आपल्याकडचा कुठलाही गॅरेजवाला आठवला. इकडचं चाक, तिकडची चेन, मधी एक वेल्डिंग. फरक एवढाच की सॅसनचं ते यंत्र ज्या कंपनीत जन्मलं, तिचा सगळा संसार रोल, रसायनं आणि कागदावर चालत होता. पेटंट १९७८ ला मिळालं. पण ज्या घरात दुभती म्हैस आहे त्या घरातली माणसं दुधाची पावडर कशाला विकतील? यंत्र बरीच वर्षं बाहेर फारसं कुणाला दिसलं नाही.

पण माझ्या पुतण्याचा प्रश्न नव्या कॅमेऱ्याचा नव्हता, जुना बदलायचा होता. त्याची खरी सुरुवात १९९१ ची. कोडॅकनंच त्या साली निकॉन एफ-३ हा रोलचा कॅमेरा घेतला, त्याचं मागचं झाकण काढलं आणि तिथं आपली चकती बसवली. ठिपके तेरा लाख. या कॅमेऱ्याला डीसीएस म्हणत. फोटो साठवायला २०० एमबीची डिस्क होती, पण ती कॅमेऱ्यात मावेना. म्हणून वेगळा डबा, त्याला पट्टा आणि कॅमेऱ्यापासून डब्यापर्यंत वायर. फोटोवाल्यानं एका खांद्यावर डबा अडकवायचा आणि हातात कॅमेरा धरायचा. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन नळी हातात धरतो तसं. किंमत वीस हजार डॉलरच्या वर. त्या वेळच्या डॉलरच्या भावानं पाच लाखांच्या आसपास. तेवढ्यात आमच्याकडं चारपाच विहिरी बांधून झाल्या असत्या. पुढच्या तीन वर्षांत असे हजाराच्या आतच खपले. घेणारे बहुतेक वर्तमानपत्रवाले, कारण त्यांना रोल धुवायलासुद्धा वेळ नसायचा.

त्याच १९९१ च्या सप्टेंबरात नासानं निकॉन एफ-४ असाच बदलून अवकाशयानातून वर पाठवला. म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात नवीन बसवायची कल्पना गरिबाची नव्हे. पहिल्यानं ती नासानं आणि बड्या वर्तमानपत्रांनी केली. कारणही साधं आहे. निकॉनचं शटर, भिंगं, धरायची मूठ हे सगळं वर्षानुवर्षं घासूनपुसून झालेलं होतं. ते पुन्हा कशाला घडवायचं? पुढच्या वर्षीच्या डीसीएस २०० मध्ये डिस्क कॅमेऱ्याच्या बुडाशी बसली आणि खांद्यावरचा डबा गेला. १९९९ ला निकॉननं डी-१ काढला. तो मुळातच डिजिटल म्हणून घडवलेला, किंमतही आधीच्यांच्या मानानं कितीतरी कमी. तिथून जुना सांगाडा घेऊन नवं पोट बसवायचा मोठ्या कंपन्यांचा रिवाज हळूहळू बंद पडला.

साध्या फोटोवाल्याचं काय? त्याच्याकडं कपाटात चारपाच कॅमेरे, भिंगांचा गोतावळा. त्याला एकच हवं होतं. रोलसारखीच एक डबी मिळावी, ती रोलच्या जागी घालावी, झाकण लावावं आणि फोटो काढावेत. १९९८ ला अमेरिकेत एका कंपनीनं ही डबी काढणार म्हणून जाहीर केलं. आधी तिचं नाव इमेजेक होतं, मग सिलिकॉन फिल्म झालं. रोलच्या नळकांड्याच्या आकारात बॅटरी आणि बाकीचा कारभार, तिथून बाहेर आलेली जीभ आणि जिभेवर तेरा लाख ठिपक्यांची चकती. एका वेळी चोवीस फोटो. जगभरचे फोटोवाले वाट बघत बसले. या वर्षी येणार, पुढच्या वर्षी येणार असं होत होत २००१ उजाडलं. प्रदर्शनात ती चालवून दाखवली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीनं काम थांबवलं. दुकानात काही ती डबी आली नाही.

लोकांच्या मनातून मात्र ती जाईना. २०११ च्या एक एप्रिलला जर्मनीतल्या एका डिझाईनवाल्या संस्थेनं अगदी तशीच डबी तयार असल्याची थट्टा केली. किती तरी जाणकारांनी ती खरी मानली आणि कुठं मिळेल म्हणून विचारत सुटले. एप्रिल फूल झालेल्यांना मी हसत नाही. ज्याची वाट बघितली ते आलं म्हटल्यावर कुणीही आधी धावतच सुटतं.

मग अडतं कुठं, हे मी पुतण्याला फिरून फिरून विचारलं. त्यानं अण्णाचा पेन्टॅक्स उघडून माझ्या मांडीवर ठेवला.

पहिली अडचण जागेची. भिंग जिथं बसतं त्या कड्यापासून रोलपर्यंतचं अंतर पेन्टॅक्समध्ये साडेपंचेचाळीस मिलिमीटरच्या जवळपास, आणि त्यात केसाएवढाही फरक चालत नाही. फिल्म कागदासारखी पातळ. मागून एक पत्रा तिला रुळांवर दाबून धरतो. चकती काही कागदासारखी नसते. तिच्यावर काच, खाली प्लेट, त्याखाली वायरी. तिच्या नाकासमोर शटरचा पडदा पळतो, म्हणून पुढं सरकता येत नाही. मागं झाकण, म्हणून मागं जाता येत नाही. पाभरीचा फण बोटभर खाली गेला तर बी उगवत नाही आणि वर राहिला तर पाखरं टिपतात. तसंच हे, फक्त इथं माप बोटाचं नाही, मिलिमीटरच्या दशांशाचं आहे.

दुसरी अडचण जागं होण्याची. फिल्म कायम जागीच असते. शटर कधीही उघडो, ती प्रकाश घेते. चकतीला मात्र आधी पाटी कोरी करावी लागते, मग घ्यावं लागतं. शटर आता उघडतंय हे तिला सांगणार कोण? जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यात तशी वायरच नाही. आहे ती फ्लॅशची. शटर पूर्ण उघडलं की तिथं टाका जुळतो. म्हणून काहींनी त्या फ्लॅशच्या भोकातून चकतीला निरोप पोचवायची सोय केली.

तिसरी अडचण मला सगळ्यात लवकर समजली. चकतीवरचा एकेक ठिपका म्हणजे एकेक बारीक विहीर. दुपारी बाराला ऊन विहिरीच्या तळाला जातं, सकाळच्या तिरप्या उन्हात ते कडेवरच अडतं. जुन्या भिंगातला प्रकाश फोटोच्या कोपऱ्यांना तिरपा पडतो. फिल्मला त्याचं काही वाटत नाही. चकतीच्या विहिरी मात्र कोपऱ्यात काळवंडतात.

आणि चौथी अडचण पैशाची. रोलची चौकट छत्तीस गुणिले चोवीस मिलिमीटर. एवढी मोठी चकती करणं महाग, म्हणून सगळे लहान चकती बसवत. मग भिंग जेवढं दाखवतं त्यातला मधला तुकडाच फोटोत येतो.

एवढं सगळं असूनही ज्यांना जमलं त्यांचं सांगतो. जर्मनीच्या लायकानं आपल्या आर-८ आणि आर-९ या रोलच्या कॅमेऱ्यांसाठी मागं बसवायचा डिजिटल भाग केला. तो २००५ ला गिऱ्हाइकाच्या हातात पडला, एक कोटी ठिपक्यांचा. मन झालं तर तो काढा, परत झाकण लावा आणि रोल घाला. थोडीच वर्षं चालला. खरं जमलं ते स्वीडनच्या हॅसलब्लाडला. चंद्रावर माणूस उतरला तेव्हा त्याच्याकडं हॅसलब्लाडच होता. त्या कॅमेऱ्याचा मागचा रोलचा डबा पहिल्यापासूनच सुटा. अर्धा रोल झाला असतानाही डबा काढून दुसरा लावता यायचा. त्यामुळं रोलच्या डब्याच्या जागी डिजिटल डबा लावणं म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली सोडून टँकर जोडण्यासारखं. १९५७ पासूनच्या त्यांच्या कॅमेऱ्यांना बसतील असे डबे त्यांनी २००६ पासून काढले आणि अजून काढतात. किंमत विचारू नये. पण मला त्या जुन्या कारागिराचं कौतुक वाटतं. पुढं काय येणार ते त्याला माहीत नव्हतं, तरी त्यानं वस्तू अशी घडवली की तिचा एक भाग कुणालाही सोडवता यावा.

इकडं आमच्या गावात २००२-०३ पासून अण्णाचं काम उतरणीला लागलं. पहिल्यानं लग्नं गेली. तालुक्याची पोरं डिजिटल घेऊन यायला लागली, तिथंच टीव्हीला लावून नवरा-नवरीला फोटो दाखवायला लागली. मग पासपोर्ट गेले, पाच मिनिटांत आठ कॉप्या. साताऱ्यातून रोल मिळेनासे झाले. मोबाईलात कॅमेरा आल्यावर तर मयताचे फोटोसुद्धा गेले. अण्णानं डिजिटल घेतला नाही. त्याला जमलं नसतं असं नाही. तो म्हणायचा, “माझं डोळं आता बारा फोटोंच्या मापाचं झाल्यात. हजार काढायचं मला सुचत न्हाई.” रोचेस्टरच्या कोडॅकनं २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. उटीचा कारखानाही बंद पडला. अण्णा २०१७ ला गेला. दोन्ही कॅमेरे वहिनीनं त्याच्या धोतरात बांधून ट्रंकेत ठेवले.

पुतण्या पुण्याला नोकरीला. त्याला बापाचा कॅमेरा चालता बघायचा होता. त्यात परदेशातून ‘आय ॲम बॅक’ नावाचं एक साधन २०१८ च्या सुमाराला निघालं. लोकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन केलेलं. जुन्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं आणि हे पाठीला लावायचं. पण ते आपल्या खिशाला परवडणारं नव्हतं. मग त्यानं दुसरी वाट काढली. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या डावातल्या पानाएवढा कॉम्प्युटर मिळतो. २०२० ला त्याचा चांगला कॅमेरा-भाग निघाला, सव्वा कोटीच्या आसपास ठिपक्यांचा, भिंगाशिवायचा. तो पेन्टॅक्सच्या पाठीत बसवायचा. त्यासाठी मागचं झाकण आणि तो दाबपत्रा काढून आतल्या रुळांना थोडी कानस लावावी लागणार होती.

कानस म्हटल्यावर वहिनी उठून बसली. “त्येंच्या हाताची वस्तू हाय ती. तुला कानशीच लावायच्या असतील तर माझ्या पाटल्यांस्नी लाव,” असं म्हणाली आणि ट्रंकेला कुलूप घातलं. पोराचंही खोटं नव्हतं. पडून राहिलेल्या कॅमेऱ्याच्या शटरला बुरशी लागते, भिंगात जाळं धरतं. पण तिचंही बरोबर होतं. टायर घातलेली गाडी परत धावेवर आणता येते, कानस मारलेलं लोखंड परत भरून येत नाही. मी मधी पडलो आणि सांगितलं की दुसरा कॅमेरा बघ. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यानं तसलाच एक के-१००० आणला. मीटर मेलेला, झाकण वाकलेलं, पण शटर चालू. काय कापायचं ते त्याचं काप, अण्णाच्याला हात नको.

त्या दिवाळीत चार दिवस ओसरीवर कारखाना चालला. रास्पबेरीची चकती रोलच्या जागेपासून अर्धा मिलिमीटर मागंच राहिली. त्याचा परिणाम बघा. भिंग दूरवर लावलं तरी पाच मीटरवरची गाय लख्ख दिसायची आणि समोरचा डोंगर कायम धुक्यात. कानस मारून, प्लेट घासून तो तेवढा फरक काढत राहिला. दुसरं, चकती होती करंगळीच्या नखाएवढी. पन्नासचं भिंग, पण त्यातलं मधलं एवढंसंच येणार. वहिनीला समोर बसवून फोटो काढला तर नुसता एक डोळा आणि नथीचा मोती. सबंध तोंड यायला पोराला परसात निंबाच्या झाडापर्यंत मागं जावं लागलं. शटर तर ‘बी’वर उघडं ठेवून बटण अडकवून ठेवलं होतं. फोटो निघायचा तो कॉम्प्युटरच्या हुकुमानं. म्हणजे बैल जुंपलेले, पण गाडी इंजिनावर चाललेली. पोराला आनंद झाला, होऊ द्या. पण याला कॅमेरा डिजिटल केला असं मी म्हणणार नाही. भिंग धरायला कॅमेरा वापरला, एवढंच.

याशिकाचं सोपं निघालं. त्याच्या वरच्या काचेत चित्र उमटतंच. बुटाच्या खोक्याचा आतून काळा रंगवलेला नळकांडा त्या काचेवर उभा केला आणि वर मोबाईल ठेवला. मोबाईलनं काचेतल्या चित्राचाच फोटो काढला. उजव्याचं डावं झालेलं असतं ते मोबाईलात एका बोटानं सरळ होतं. परदेशातही हौशी लोक असंच करतात म्हणे. काचेवरची धूळ, चरे, चौकटीच्या रेघा सगळं फोटोत येतं. कुठं कापाकापी नाही, खिळा नाही. वहिनीनं कुलूप काढलं ते यासाठी.

या सगळ्यातून जुनी वस्तू जगवायची खरी वाट वेगळीच आहे हे आम्हाला दिसलं. जगातही तसंच झालेलं आहे. २००८ पासून आरसा नसलेले पातळ कॅमेरे निघाले. सोनीच्या अशा कॅमेऱ्यात भिंगाच्या कड्यापासून चकतीपर्यंत फक्त अठरा मिलिमीटर. पेन्टॅक्सच्या भिंगाला हवेत साडेपंचेचाळीस. मधल्या साडेसत्तावीस मिलिमीटरात एक पोकळ कडं बसवलं की जुनं भिंग नव्या कॅमेऱ्याला लागतं, जगातल्या जवळजवळ कुठल्याही कंपनीचं. २०१३ ला रोलच्या चौकटीएवढी पूर्ण चकती असलेला तसला कॅमेरा आला, म्हणजे भिंगाचा मधला तुकडा नव्हे, सबंध नजर मिळाली. तीस वर्षं लोक जुन्या अंगात नवीन पोट घालायची खटपट करत होते. शेवटी जुना डोळाच काढून नव्या अंगाला लावला आणि काम झालं. आपली विहीर म्हणजे ते भिंग होतं, आणि आम्ही मोटेचा दोर जपायला बसलो होतो.

पुतण्यानं जुना सोनी घेतला, कडं मागवलं आणि अण्णाचं पन्नासचं भिंग त्याला लावलं. आणि मग ते भिंग ज्या कामाला लागलं ते सांगायचं राहिलंच. ट्रंकेच्या तळाला अण्णाच्या निगेटिव्ह होत्या. पाकिटावर तारीख आणि घराचं नाव, त्याच्या बारीक अक्षरात. काही एकमेकींना चिकटलेल्या, काहींवर बुरशीची नक्षी. खाली पांढऱ्या उजेडाची पाटी, तिच्यावर निगेटिव्ह आणि वरून भिंगाच्या मागं दोन रिंगा वाढवून जवळून काढलेला फोटो. कॉम्प्युटरात काळ्याचं पांढरं केलं की माणूस उभा राहतो. ज्या भिंगानं पेन्टॅक्सवरचे फोटो काढले, तेच भिंग त्या निगेटिव्ह परत बघत होतं.

गावात कळल्यावर माणसं यायला लागली. बापाचा द्या, आज्जीचा द्या. एक बाई शेजारच्या वाडीवरून आली. चाळिशीची असेल, बरोबर कॉलेजातला मुलगा. तिची आई ती आठ महिन्यांची असताना पान लागून गेली होती. घरात एकही फोटो नव्हता. तिला कुणीतरी सांगितलं होतं की त्या सालच्या जत्रेत अण्णानं सासनकाठीपाशी बायकांचा फोटो काढला होता. पुतण्यानं ब्याऐंशी सालचं जत्रेचं पाकीट काढलं. याशिकावरची निगेटिव्ह, नऊ बायका, उन्हानं डोळे बारीक केलेल्या. बाईला आई ओळखू येणार कशी? वहिनीनं चष्मा लावला, पडद्याजवळ गेली आणि कडेच्या तिसऱ्या बाईवर बोट ठेवलं. काखेत मूल होतं, त्याचं तोंड टोपड्यात.

बाई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, “लुगडं कंच्या रंगाचं आसंल, काकी?” वहिनी म्हणाली, “हिरवं. आमी दोघींनी एकाच दुकानातनं घेतलेलं.”

अजून सव्वादोनशे पाकिटं राहिलीत. पावसाळा तोंडावर आहे आणि ओल लागली की बुरशी वाढते, म्हणून पोरगं दर शनिवारी पुण्याहून येतं. ज्या पाकिटांवरचं नाव पुसट झालंय ती आधी घ्यायची, असं ठरवलं आहे. कारण त्या घरांची ओळख सांगणारी माणसं गावात आता वहिनी धरून तीनच उरली आहेत.